परदेशी बँकेचा उपसा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. ती वेळ तिच्या बोहणीची. त्या वेळी ती घरच्यांशीसुद्धा बोलत नाही, म्हणून मी हातातला चहा खाली ठेवूनच फोन उचलला.

"भाऊ, आपल्या बँकेचा बोर्ड उतरवून राहिले."

"कोनत्या बँकेचा?"

"कोनत्या म्हंजे? समोरच्या. शिडी लावली, जुना बोर्ड उतरवला अन् भिंतीले टेकवून ठेवला. नवा हिरवागार हाये, समदा इंग्रजीत. लोक म्हनून राहिले का परदेशी कंपनीनं घेतली. तुले मालूम होतं का?"

मला मालूम होतं. तिला सांगितलं नव्हतं. मी उत्तर जुळवतोय तोवर तीच पुढे म्हणाली, "अन् आयक, त्या बोर्डाले तोरन लावाले झेंडू मलेच मागतला. बावीस हात. पैसे लगेच देल्ले." म्हणजे ती घाबरलेलीही होती आणि खूशही होती. त्या दिवसभर आमचं दोघांचंही तसंच राहिलं.

मी अमरावतीला एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. तीस वर्षं पगारबिलं केली, एका पैशाचा आक्षेप आला नाही, हे मी कोणी न विचारता सांगतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अकोल्याला त्या बँकेच्या समोरच तिचं फुलांचं दुकान आहे, म्हणजे एक लाकडी पाट, वर पत्रा आणि पाण्याचे दोन माठ. भाऊजी होते तोवर दोघं स्वतःच्या शेतातली फुलं विकत. भाऊजी गेले, आणि पुढे रस्ता रुंद करायला सरकारनं ती जमीन घेतली. तेव्हापासून ताई दुसऱ्याची फुलं विकत घेऊन विकते. तिला ते मनातून आवडत नाही. "दुसऱ्याच्या झेंडूले हात लावला तरी आपला वास लागत नाही बोटाले," असं म्हणते.

जमिनीचा मोबदला मिळाला, त्यातून घराची दुरुस्ती आणि भाऊजींच्या दवाखान्याचं राहिलेलं देणं गेलं. उरले तेरा लाख ऐंशी हजार. त्यात तिला गोड पाण्याची विहीर असलेला तुकडा घ्यायचा होता. आमच्याकडे ही गोष्ट सोपी नाही. अकोल्याच्या उत्तरेला, इकडे भातकुलीकडेही, जमिनीखालचं पाणी खारं लागतं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, मग फूल कसं उमलणार? ताई आठवड्याला एक विहीर पाही. बाटलीत पाणी भरून घरी आणी, त्यात डाळ शिजवी, आणि मला फोनवर निकाल सांगे. "कच्ची." पुढच्या आठवड्यात पुन्हा, "कच्ची."

तोवर पैसे कुठे ठेवायचे, ते मी ठरवलं होतं. समोरची बँक जुनी, दक्षिणेकडची खासगी. व्याज साडेसात टक्के, इतरांपेक्षा बरं. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्यातून जास्तीत जास्त पाच लाख मिळतात, आणि त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी तीन भाग केले. अकोल्याच्या शाखेत चार लाख साठ हजार, अमरावतीच्या शाखेत तेवढेच, परतवाड्याच्या शाखेत तेवढेच. वर्षभराचं व्याज मिळवून प्रत्येक ठेव चार लाख पंच्याण्णव हजारांच्या आसपास जाते, म्हणजे पाचाच्या आत. ताईला हे एकदम पटलं. भाऊजी झेंडू नेहमी तीन शिवारांत लावत. एकीकडे गारा पडल्या तरी दुसरीकडे फूल राही. "तसंच हाये ना हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "बिलकुल तसंच." मे महिन्याच्या उन्हात दोन बसा बदलून मी तिला परतवाड्याला नेलं, तिथे खातं उघडलं, उसाचा रस पाजला आणि परत आणलं. तिन्ही पावत्या तीन वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून माझ्या कपाटात ठेवल्या. माझी बायको म्हणाली, "तुमी आता हिऱ्याचे व्यापारी झाले." मी ते कौतुक समजून घेतलं.

हिवाळ्यात ताईची डाळ शिजली. मूर्तिजापूरच्या दक्षिणेला तीस गुंठ्यांचा तुकडा, मधोमध विहीर. सौदा ठरला, गल्ल्यात साठवलेले पन्नास हजार इसार म्हणून दिले, उरलेले तेरा लाख खरेदीच्या दिवशी द्यायचे. विकणाऱ्याचा उन्हाळी भुईमूग उभा होता. तो निघाल्यावर मेअखेर खरेदी, असं ठरलं. आमच्या ठेवींची मुदतही मेअखेरच संपत होती. इतकं सगळं जुळून आल्यावर माणसाला आपल्या हुशारीचा थोडा गर्व होतोच.

ठेवींवर पत्ता माझा होता, म्हणून बँकेची मालकी बदलणार असल्याचं पत्र दीड महिन्यापूर्वी माझ्याकडेच आलं होतं. मी ते तीनदा वाचलं. परदेशी बँक इथे धंदा करते ती इथल्याच परवान्यावर, इथल्याच नियमांनी, आणि ठेवींचा विमा तिलाही लागू असतो, हे मी तपासून घेतलं होतं. त्यात पाचाच्या आतल्या तीन ठेवी! ताईला उगाच घोर कशाला, म्हणून बोललो नाही. पण आता फोन आल्यावर मात्र मला राहवेना. शाळेत फोन करून दिवसाची रजा टाकली, तिन्ही पावत्या पिशवीत घातल्या आणि साडेसातची बस धरली.

ती बस मला अजून आठवते, कारण मी इतका उत्साहात क्वचित असतो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. रस्ता आता असा गुळगुळीत झाला आहे की गाडी थांबल्याशिवाय डोळा उघडत नाही. त्यात ताईची जमीनही गेली आहे, हे मला दर वेळी आठवतं. मी खिडकीशी बसून मनात भाषण तयार करत होतो. ताईला काय सांगायचं, मॅनेजरला काय विचारायचं, तिकडून काय उत्तर येईल आणि मग मी पावत्या कशा एकेक करून टेबलावर ठेवीन.

अकोल्याला पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि ऊन चटके देत होतं. बँकेच्या दाराला ताईचा झेंडू दुहेरी लटकत होता. नवा बोर्ड कापडानं झाकलेला. ताईच्या शेजारी नारळ विकणारा बसतो, तो मला पाहून ओरडला, "या मामा! आता तुमच्या ताईले पासबुक डॉलरमधी भेटन."

"भेटू दे," ताई म्हणाली. "तुले नारळाचे पैसे मंग डॉलरमधीच देईन. सुट्टे काढून ठेव."

पण मग तिनं मला बाजूला ओढलं. "खरं सांग. हे लोक पैसा घेऊन गेले तर? आपून कोठी जाचं, त्यायच्या देशात? त्या विहिरीवर मी चैतात मोटर लावून पाहिली हाये, भाऊ. तसं पानी आता दुसरं नाही भेटत."

"काही होत नाही," मी म्हणालो. "तू ये माह्यासंग. तुह्यासमोर विचारतो."

दहा वाजता दार उघडलं. मॅनेजर तिशीतली, चुणचुणीत मुलगी. त्या दिवशी नवी साडी नेसलेली, कारण दुपारी मुंबईहून अधिकारी येऊन बोर्डाचं उद्घाटन करणार होते. ताईला ती ओळखत होती. रोज सकाळी टेबलासाठी फुलं तिच्याचकडून नेई.

"मॅडम, एकच प्रश्न," मी म्हणालो. "मालक परदेशी झाले. आता हिच्या ठेवींचा विमा आहे की गेला?"

"आहे ना, काका. मालक कोणीही असो, बँक इथल्या परवान्यावर आहे. कालपर्यंत जो विमा होता तोच आज आहे. एका ग्राहकाला पाच लाखांपर्यंत."

मी ताईकडे पाहिलं. मग, बसमध्ये ठरवलं होतं तसं, पिशव्यांमधून एकेक पावती काढून टेबलावर ठेवली. "म्हणूनच आम्ही तीन शाखांत ठेवलेत. प्रत्येकीत चार साठ. व्याजासकट चार पंच्याण्णव. एकही पाचाच्या वर नाही."

मॅडमनं पावत्या पाहिल्या आणि पुन्हा पहिलीपासून पाहू लागली. कौतुकानं पाहतेय, असं मला क्षणभर वाटलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "शाखा तीन आहेत, पण बँक एकच आहे ना? विमा शाखेवर नसतो. या बँकेच्या देशभरातल्या सगळ्या शाखा मिळून एका माणसाला पाच लाख. हा बघा ग्राहक क्रमांक. तिन्ही पावत्यांवर एकच आहे."

तिनं बोट ठेवलं तिथे पाहिलं. नऊ आकडे. पहिल्या पावतीवर, दुसऱ्या पावतीवर, तिसऱ्या पावतीवर, तेच. मी या पावत्यांवरची तारीख तपासली होती, दर तपासला होता, मुदत, वारसाचं नाव, ताईच्या नावातला प्रत्येक काना-मात्रा. हा क्रमांक वाचला नव्हता. तिन्ही पावत्या एकमेकींशेजारी मी आज पहिल्यांदाच ठेवत होतो.

"म्हंजे?" ताईनं विचारलं.

"म्हंजे तेरा ऐंशीमधले पाच लाख झाकेल हायेत," मी म्हणालो. "आठ लाख ऐंशी हजार उघडे. व्याज वेगळं."

"आजपासून?"

"नाही. पहिल्या दिवसापासून. बँक देशी होती तवापासून."

ताई खुर्चीत मागे रेलली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला बोलेल. ती छताच्या पंख्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग त्या परदेश्याचा काय दोष?"

मी पावत्या गोळा करायला लागलो.

"झरा खाली एकच," ती म्हणाली, "अन् आपून वरून तीन विहिरी खोदल्या. एकीत मोटर लावली का तिघी उतरतात. हे तर मले मालूम पाहिजे होतं. तू कागदावरचा मानूस. पन मी?" मग एकदम माझ्याकडे वळून, "परतवाड्याले नेलं ना रे लेका मले, दोन बसा बदलून! माह्या चपलीचं तळवं वितळलं होतं त्या उन्हात. अन् वरून रस पाजला!"

मॅडमला हसू आवरेना.

"मावशी, घाबरू नका," मॅडम म्हणाली. "बँक मोठी आहे. उलट आता तर पहिल्यापेक्षा मजबूत झाली आहे."

"विहीर विकनाराही हेच सांगते, माय," ताई म्हणाली. "बारा मयने पानी असते म्हनते. तवा आपून काय करतो? मोटर लावतो. दिवसभर उपसतो, अन् पाहातो का पानी फिरून किती वेळात चढते. तसं करू. मोडा तिन्ही."

"आज?"

"आज."

"मावशी, आज आमचा पहिला दिवस आहे. साहेब लोक येतील बारा वाजता. सिस्टीम पण नवीन आहे. उद्या केलं तर चालेल का?"

"विहीरवालाही म्हनते उद्या या," ताई शांतपणे म्हणाली. "मोटर आजच बिघडली म्हनते."

मी तिच्या कानाशी वाकलो. मुदत संपायला सात आठवडेच राहिलेत. आता मोडल्या तर दर कमी होतो, वर एक टक्का दंड. एका ठेवीमागे सहा हजारांच्या आसपास नुकसान, तिन्हींचं मिळून अठरा हजार. मी हा हिशेब तोंडीच केला आणि अशा वेळीही तो बरोबर आला याचं मला बरं वाटलं.

"उपसा पाहाले डिझेल लागतेच," ताई म्हणाली. "तेरा लाखाची विहीर फुकटात पाहून भेटते का? तूच सांग."

खरं तर मी तिला सांगू शकलो असतो की कागद वाचूनही बँक पाहता येते, ताळेबंद असतो, पतदर्जा असतो. पण मी कागद वाचूनच तिला इथवर आणलं होतं.

मग मात्र माझं डोकं चालायला लागलं. पैसे काढायचे तर ठेवायचे कुठे? पुन्हा एकाच जागी नकोत. ताईचं एक खातं सरकारी बँकेत होतं, जमिनीचा मोबदला त्यातच आला होता. त्यात नऊ हजार पडून होते. दुसरं तिच्या दुकानातल्या स्कॅनरचं खातं, तिसऱ्याच बँकेत. त्यात अकरा हजार. एकेक ठेव तिथे गेली तर पाचाच्या आत राहते. या वेळी मी दोन्ही बँकांची नावं कागदावर लिहिली, त्या खरंच दोन वेगळ्या बँका आहेत ना ते मॅडमला विचारलं, आणि ताईनं ते आणखी दोनदा विचारायला लावलं.

"आधी दोन मोडू," मी म्हणालो. "एक सरकारीत, एक स्कॅनरवाल्या खात्यात. मंग तिसरी."

दहा बावन्नला दोन अर्जांवर ताईच्या सह्या झाल्या. मी वेळ पावतीच्या पिशवीवर पेनानं लिहिली. ताईनं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला, मग सुलटा केला, मग पदरात धरला. मॅडम स्वतः संगणकावर बसली. नवी सिस्टीम खरोखरच अडत होती. एक चौकट यायची, फिरायची आणि जायची. मागे रांग वाढली. नारळवाला दारातून डोकावून गेला. "भेटले का डॉलर?"

"तू जा आपल्या नारळावर!"

अकरा चाळीसला ताईच्या पदरात मोबाईल थरथरला. तिनं तो माझ्या हातात असा दिला की जणू भाजला. सरकारी बँकेचा मेसेज. चार लाख त्र्याऐंशी हजार आणि वरचे काही शे जमा. मी आकडा दोनदा वाचून दाखवला.

"पहिली विहीर चढली," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस मिंटं."

दुसरा मेसेज येईना. बारा वाजले. बारा पाच. मॅडमच्या कपाळावर घाम होता, कारण बाहेर गाडी थांबली होती. मुंबईचे दोन अधिकारी आले. ताई उठून उभी राहिली आणि त्यांना खालपासून वरपर्यंत पाहू लागली. त्यातला एक टक्कल पडलेला, रुमालानं मान पुसत ताईच्या तोरणाखाली थांबला आणि म्हणाला, "काय फूल हाय हो! कोनाकडचं?"

ताई माझ्याकडे पाहते, मी ताईकडे.

"माह्याकडचं," ताई म्हणाली. "तुमी कोन्या गावचे?"

"वाशीमचा ना मी."

"अन् परदेशी कोन हाये?"

"ते कंपनीचे मालक," तो हसला. "त्यायले इकडचं ऊन कोठी झेपते!"

ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेका, मी सकाळपासून याले भेऊन राहिली होती?"

पूजा सुरू झाली. बोर्डाला हळदीकुंकू, उदबत्ती. मॅडम एका डोळ्यानं पूजा पाही, दुसऱ्यानं संगणक. मला मात्र काही दिसत नव्हतं. मी त्या मोबाईलकडे पाहत होतो, आणि मनात एकच आकडा चालू होता, आठ लाख ऐंशी हजार. त्यातले पहिल्या ठेवीचे आले. आता तिच्या इथल्या दोन ठेवी उरल्या होत्या, मिळून नऊ लाखांच्या वर. पाच झाकलेले, चार अजून उघडे. दुसरा मेसेज आला की काहीच उघडं राहणार नव्हतं. माझी तीस वर्षांची पगारबिलं त्या एका मेसेजवर येऊन थांबली होती.

वाशीमच्या साहेबांनी नारळ फोडला. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांच्या मधोमध ताई ओरडली, "आलं! भाऊ, आलं!"

सगळे वळले. बारा एकतीस. ती मोबाईल डोक्याच्या वर धरून उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू की लोकांनी टाळ्या आणखी वाजवल्या. साहेबांनी मॅडमला विचारलं, "यांना एवढा आनंद कशाचा?"

मॅडमनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "जुन्या ग्राहक आहेत, सर," ती म्हणाली. "आपल्या बँकेच्या."

फोटोवाल्यानं ताईला ओढून साहेबांच्या शेजारी उभं केलं. त्या फोटोत ती मधोमध आहे. आपण नुकतेच त्यांचे साडेनऊ लाखांवर रुपये काढून घेतलेत, असं तिच्या तोंडावर कुठेही दिसत नाही.

पेढे वाटून झाल्यावर मॅडम तिसरा अर्ज घेऊन आली, परतवाड्याच्या ठेवीचा. ताईनं पेन हातात घेतलं. सही करायच्या जागी टेकवलं. मग उचललं.

"हे किती होईन मेअखेर?"

"चार लाख पंच्याण्णव हजार चारशे पंच्याऐंशी," मी म्हणालो.

"म्हंजे पाचाच्या आत. अन् आता ह्या झऱ्यावर माही हे एकच विहीर उरली."

"एकच."

"मंग राहू दे." तिनं अर्ज मॅडमकडे सरकवला. "मांगतलं अन् देल्लं. पहिल्याच दिवशी, पूजा टाकून देल्लं. आनखी काय पाहाचं? सहा हजार काहून घालवू?"

मी मनाशीच वजाबाकी केली. तिन्ही रकमा तीन वेगळ्या बँकांत, तिन्ही पाचाच्या आत. मी वर्षभरापूर्वी जे केलं असं समजत होतो, ते आज दुपारी एक वाजता खरंच झालं होतं. बारा हजार रुपये गेले होते. मी ते माझ्या पगारातून द्यायला निघालो तर ताई म्हणाली, "ठेव तुह्याजवळ. तुही बायको हिऱ्याच्या व्यापाऱ्याले विचारन ना, कमाई कोठी गेली म्हनून."

मेअखेर खरेदी झाली. आदल्या सोमवारी परदेशी बँकेतली ठेव मुदतीप्रमाणे खात्यात आली, शेवटच्या रुपयापर्यंत, मी तपासली. गुरुवारी मूर्तिजापूरला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. तिन्ही बँकांमधून पैसे सकाळीच पाठवले होते आणि विकणाऱ्या काकांच्या मोबाईलवर तिन्ही मेसेज आले होते. ते साठीचे, धोतर-टोपीतले, भुईमुगाच्या मातीनं नखं लाल झालेली. चष्मा कपाळावर सरकवून ते मोबाईल पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत होते. इतका आकडा त्यांच्या खात्यानं आयुष्यात पाहिला नसावा.

"बापू," ते मला म्हणाले, "तुमी लिहिनारे-वाचनारे. हे तेरा लाख आता याच बँकेत राहू देऊ का? आमच्या गावात तिची शाखा हाये, अन् इथी मूर्तिजापुरातही हाये. अर्धे इथी, अर्धे तिथी ठेवतो म्हनतो."

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"यायले विचारू नका," ती म्हणाली. "मले विचारा."

ती बाकावरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि व्हरांड्यातल्या धुळीत बोटानं एक मोठं गोल काढलं, त्याच्या आत दोन लहान. काका वाकून पाहू लागले. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला.

"भाऊ, सांग त्यायले दोन मिंटं," ती मान वर न करता म्हणाली. "पहिले यायले समजू दे."

मी आत जाऊन तिथल्या लिपिकाला थांबायला सांगितलं.